‘वाँट’ ही सर्वांत खालची पायरी

‘ॲडमिनिस्ट्रेशन’ हा शब्द माझ्या एकाही विद्यार्थ्याला कधी जड गेला नाही. ‘करस्पाँडन्स’, ‘सुपरिंटेंडेंट’ हे तर ते डोळे मिटून बिनचूक लिहीत. त्यांना घाम फुटायचा तो ‘से’ आणि ‘टेल’ यांच्यापाशी. ‘स्मॉल’ कुठे आणि ‘लिटल’ कुठे, हे विचारलं की चांगली मिशीवाली माणसं छताकडे बघायला लागत. मोठे शब्द एकएकटे असतात, त्यांना भाऊबंदकी नसते. भांडणं सगळी लहान शब्दांच्या घरात. ती मिटवण्यात माझं आयुष्य गेलं आणि बहुतेक निवाडे मी बरोबर दिले, असं म्हणायला हरकत नाही. एक मात्र चुकला, आणि आज तोच सांगायचा आहे.

मी हैदराबादेत गौलीगुड्यातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत असे. आमचं घराणं तीन पिढ्या निजामाच्या नोकरीत. आजोबा मालगुजारीच्या दफ्तरात, वडील अदालतीत. घरात बोलणं मराठी, पण कागदाला हात लावला की उर्दू. वडिलांनी मला हॉस्टेलवर धाडलेली पत्रंसुद्धा उर्दूतच होती. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार उर्दूतून इंग्रजीत गेला. वीस-वीस वर्षं उर्दूत सुंदर टिपणं लिहिणाऱ्या माणसांना एका सकाळी सांगण्यात आलं, की आता हेच सगळं इंग्रजीत लिहा. त्यांच्यासाठी मी शाळेच्या व्हरांड्यात सकाळी सात ते साडेआठ वर्ग काढला. वर्ग सुटला की सगळे सायकलींवर टांग टाकून आपापल्या कचेरीत जात.

प्रौढांना इंग्रजी शिकवणं हा धंदा बाहेरून दिसतो तसा नाही. लहान मूल तुम्ही सांगाल ते घोकतं. चाळिशीचा माणूस ‘का?’ म्हणून विचारतो. आणि ‘का’चं उत्तर डिक्शनरीत नसतं. डिक्शनरी ‘लुक’, ‘सी’ आणि ‘वॉच’ या तिघांपुढेही ‘पाहणे’ असंच लिहून मोकळी होते. म्हणून मी शब्दांना अर्थ न देता जागा देत असे. मलकपेठेच्या रेसकोर्सच्या भिंतीच्या कडेने जाता जाता घोडे दिसले, तर ते ‘सी’. बाजूच्याने कोपर मारून ‘अरे, ते बघ’ म्हटलं, तर ‘लुक’. आणि आत बसून पहिल्या ढांगेपासून शेवटच्या ढांगेपर्यंत जीव मुठीत धरून बघितलं, तर ‘वॉच’. हे एकदा सांगितलं की कुणी विसरत नसे. नामपल्लीच्या नुमाइशीवर, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनावर, आणि स्टेशनावर मी असे निदान पन्नास शब्द बसवले होते.

वर्गातले सर्वांत वडील खलीलसाहेब. महसूल खात्यात मुन्शी. पांढरीशुभ्र शेरवानी, कानात अत्तराचा फाया, आणि अक्षर असं, की कागद फ्रेम करून लावावा. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता.

“मास्टरसाब, अंग्रेज लोगां इत्ते लफ्ज कायकू रखे? ‘आस्क’ भी मांगना, ‘रिक्वेस्ट’ भी मांगना, ‘बेग’ भी मांगना, ‘प्रे’ भी मांगना. मेरेकू सरकार से दो रिम कागज होना. किसमें मांगूं?”

मी त्यांना उलट विचारलं, की उर्दूत अर्ज आहे, गुजारिश आहे, इल्तिजा आहे, दरख्वास्त आहे. तिथे तुम्ही कसं निवडता?

“समोर कौन बैठा है, वो देखके,” ते म्हणाले.

मला रस्ता सापडला. मी फळ्यावर एक शिडी काढली. सर्वांत खाली ‘वाँट’. त्याच्या वर ‘आस्क’, मग ‘विश’, मग ‘रिक्वेस्ट’, आणि थेट वर ‘बेग’. नियम असा, की आपल्यापेक्षा वरच्याला लिहायचं असेल तर एक पायरी चढा, फार वरच्याला लिहायचं असेल तर दोन. खालच्या पायरीवर फक्त मुलं आणि अडाणी माणसं उभी राहतात. ही शिडी वर्गाला एवढी आवडली, की व्यंकटय्या नावाचे लेखा खात्यातले कारकून ती वहीत उतरवून कचेरीत घेऊन गेले आणि टेबलाच्या काचेखाली ठेवली. मलाही तिचा अभिमान होता, हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट इस्लाहची. आमच्याकडे कुणी शेर रचला की तो उस्तादाला दाखवायचा. उस्ताद एखादा शब्द खोडतो, दुसरा घालतो. त्या दुरुस्तीला इस्लाह म्हणतात, आणि शागिर्दाने ती कपाळाला लावून घ्यायची, वाद घालायचा नाही. माझ्या वर्गात हाच रिवाज होता. प्रत्येकाने रोज वहीत दोन-चार वाक्यं लिहून आणायची, टेबलाशी येऊन दाखवायची, आणि मी लाल शाईने इस्लाह द्यायची. टेबलाशेजारी एक खुर्ची असे. खलीलसाहेब तिच्यावर बसत. व्यंकटय्याही बसत. कुणाला अर्ज करायचा असला, तर तोही आधी माझ्या लाल शाईतून गेल्याशिवाय कचेरीत जात नसे.

याच वर्गात लिंबाजी जोंधळे आला. एका खात्यात आवक-जावक कारकून. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला, जातीने महार, मॅट्रिकपर्यंत हिमतीवर शिकलेला. मलकपेठेत एका खोलीत बायको आणि तारा नावाची मुलगी घेऊन राहत असे. पहिल्या दिवशी त्याने उभं राहून विचारलं, “सर, इंग्रजीत साहेबाला ‘तू’ म्हणायचं का ‘तुम्ही’?”

“दोन्हीला एकच. ‘यू’.”

“अन् साहेब मला काय म्हणणार?”

“यू.”

“मग साहेबाच्या साहेबाला?”

“राजाबिजाला सोडलं तर सगळ्यांना ‘यू’,” मी म्हणालो. वर्ग हसला. लिंबाजी हसला नाही. त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि त्यानंतर एकही सकाळ चुकवली नाही. शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला होता.

हुशार होता. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ त्याने एका दिवसात वेगळे केले. पण एका ठिकाणी त्याची गाडी अडत असे. त्याला ‘वाँट’ सुटत नव्हता. रोजच्या वाक्यांत तोच. ‘आय वाँट अ ग्लास ऑफ वॉटर.’ ‘आय वाँट अ न्यू पेन.’ एकदा तर ‘आय वाँट अ चेअर.’ मी प्रत्येक वेळी लाल रेघ मारून ‘आय वुड लाइक’ करून देई. तो टेबलाशी उभा राहून सगळं ऐकून घेई, खाली दुरुस्त वाक्य सुबक अक्षरात उतरवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘वाँट’ घेऊन येई. “एवढं एक त्याच्या डोक्यात शिरत नाही,” मी खलीलसाहेबांना म्हणालो.

ते दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “नक्को खोडो, मास्टरसाब. उनकू वो लफ्ज पसंद है. शागिर्द कू एक लफ्ज तो अपना रखने देव.”

मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मग राज्य मोडायचं ठरलं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना एवढं सांगतो, की हैदराबाद राज्याचे भाषेप्रमाणे तीन भाग होणार होते. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि तेलंगण आंध्राकडे. जमीन वाटणं सोपं. कचेरीतली माणसं कशी वाटायची? कागद फिरला, की नोकरांच्या याद्या तयार होत आहेत, ज्याला आपल्याबद्दल काही म्हणायचं असेल त्याने इंग्रजीत अर्ज द्यावा. वर्गात दुसरं बोलणंच उरलं नाही. कुणाची आई इथे, शेत तिकडे. कुणाची बायको तेलुगू, स्वतः मराठी. रोज सकाळी माझ्यापुढे अर्जांची चळत लागे आणि मी सगळ्यांना एकेक पायरी वर चढवून देई.

लिंबाजीचा अर्ज चार वाक्यांचा होता. ‘आय वाँट टु रिमेन इन हैदराबाद. माय डॉटर गोज टु स्कूल हिअर. शी सिट्स ऑन द फ्रंट बेंच. आय डू नॉट वाँट टु गो टु माय डिस्ट्रिक्ट.’

मी म्हणालो, “अरे, हा अर्ज आहे की पोलिसातली फिर्याद? सरकारला असं लिहितात का?”

“चुकलंय का सर?”

“चुकलेलं नाही. उद्धट आहे.” आणि मी लाल पेन उघडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला लिहिताना आनंद होत होता. ‘मला राहायचं आहे’चं ‘राहायला मिळाल्यास कृपा होईल’ केलं. पहिल्या बाकाचं वाक्य पोरकट म्हणून काढलं. आणि शेवटी, आमच्या वाडवडिलांचे अर्ज ज्या वाक्याने संपत, ‘आइंदा जैसी मर्जी सरकार की’, त्याचं इंग्रजी केलं: सरकार जिथे पाठवील तिथे मी आनंदाने सेवा करीन. हे वाक्य शेरवानीच्या शेवटच्या बटणासारखं असतं. त्यावाचून अडत काही नाही, पण उघडं दिसतं.

लिंबाजी कागद वाचत राहिला. “सर, हे ‘ग्लॅडली’ म्हंजे खुशीनं ना?”

“हो.”

“पण मी खुशीनं नाही जाणार.”

“अरे, ते म्हणायचं असतं. रीत आहे ती. कुणी त्याचा तसा अर्थ घेत नाही.”

“सर, हे एक काढलं तर...”

“लिंबाजी, इस्लाहवर वाद घालत नाहीत.”

त्याने कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा उतरवून कचेरीत दिला. व्यंकटय्यांना मी ‘अहो’ म्हणत असे आणि लिंबाजीला ‘अरे’. वयाने दोघे सारखेच होते. याकडे माझं लक्ष तेव्हा गेलं नाही.

त्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या सकाळी वहीत एकच वाक्य होतं, ‘आय ॲम अ बुद्धिस्ट.’ त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी खाली बरोबरची खूण केली.

पुढे थोड्याच दिवसांत याद्या लागल्या. खलीलसाहेब राहिले, व्यंकटय्या राहिले. लिंबाजीचं नाव मराठवाड्याच्या यादीत होतं, आणि नेमणूक होती त्याच्याच तालुक्यातल्या कचेरीत, गावापासून दोन कोसांवर. तो यादी बघून सरळ माझ्याकडे आला. येऊन टेबलाशी उभा राहिला.

याद्यांचं काम बघणारे एक अधिकारी माझ्या वडिलांच्या ओळखीचे होते. मी त्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, फाईल मागवली, आणि अर्ज काढून माझ्यापुढे धरला. “मास्टरसाहेब, तुमच्या माणसाने स्वतः लिहून दिलंय, आनंदाने जाईन. ज्यांनी साफ लिहिलं ‘मला जायचं नाही’, त्यांचे कागद आम्ही वेगळे ठेवले. त्यांची कटकट कोण ओढवून घेणार? बहुतेकांना इथेच ठेवलं. जागा भरायच्या होत्या, तेव्हा आनंदाने जाणारे पाठवले.” मग अर्जाकडे बघत ते कौतुकाने म्हणाले, “मजकूर मात्र सुरेख आहे हां. मी आमच्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवला.”

चहा तसाच ठेवून मी उठलो. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटलेली नाही.

दुसऱ्या सकाळी वर्ग सुटल्यावर मी लिंबाजीला थांबवलं. म्हणालो, मी नवा अर्ज लिहून देतो, स्वतः नेऊन देतो. तो म्हणाला, “नको सर. आता माझा मी लिहितो.”

“निदान एकदा दाखव.”

“नाही सर.”

माझ्या वर्गात इस्लाहला नाही म्हणणारा तो पहिला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे बोलत होता. “सर, आमच्या गावात बापाला पाणी पाहिजे असलं तर ‘पाहिजे’ म्हणता येत नव्हतं. आडापासून लांब उभं राहायचं, अन् ‘वाढा मायबाप’ म्हणायचं. कुणाला दया आली तर वरून वततील. मी शाळेत दाराबाहेर बसून शिकलो. तारा पहिल्या बाकावर बसती, ते म्या मुद्दाम लिव्हलं व्हतं. इंग्रजी शिकाया आलो ते याच्यासाठीच, की त्या भाषेत ‘मला पाहिजे’ म्हणलं तरी माणूस माणूसच राहतो. तुम्ही ते बी खोडलं.”

फळ्यावर आदल्या दिवशीची शिडी तशीच होती.

नोकरी टिकवायची तर हजर व्हावंच लागणार होतं. त्याने बायको आणि तारा यांना मलकपेठेतच मेव्हण्याच्या आधाराने ठेवलं. “पोरीला त्या तालुक्यात नेणार नाही, मग मी एकटा राहीन,” एवढंच म्हणाला. गौलीगुड्याच्या बस अड्ड्यावर मी त्याला पोचवायला गेलो. शाळेपासून पाच मिनिटांचा रस्ता. तारा त्याची पिशवी धरून उभी होती. तिने आमच्या हैदराबादी मराठीत विचारलं, “बाबा, तुमी वापस कब येणार?”

“अर्ज दिलाय, बाई,” तो म्हणाला. “ह्या बारीला बराबर लिव्हलाय.” माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

तो चार वर्षं तिकडे होता. अधूनमधून बातमी कळे. तालुक्याला त्याला भाड्याने खोली मिळाली नाही, तो गावाबाहेर बौद्धवाड्यात राही. कचेरीत त्याच्यासाठी पाण्याचा वेगळा माठ ठेवलेला होता. तो दर महिन्याला एक अर्ज धाडत असे. दर वेळी तीच चार वाक्यं, फक्त ‘रिमेन इन’च्या जागी ‘रिटर्न टु’, आणि शेवटच्या वाक्यात ‘गो टु’च्या जागी ‘स्टे इन’. वरून कळवण्यात आलं, की भाषा सौम्य ठेवावी. त्याने पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चार वाक्यं धाडली.

इकडे माझा वर्ग चालूच होता. शिडी काढणं मी बंद केलं. अर्ज घेऊन कुणी आलं, की पेन उघडण्याआधी विचारू लागलो, तुला काय पाहिजे ते आधी तोंडाने सांग. पुष्कळांना ते सांगताच येत नसे. त्यांना शब्दांतला फरक शिकवणं सोपं होतं, हे शिकवायला वेळ लागे. खलीलसाहेब या बदलावर एकदाच म्हणाले, “देर से समझे, मास्टरसाब. पण समझे.” त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती, आणि ‘आस्क’-‘रिक्वेस्ट’चा घोळ त्यांनी शेवटपर्यंत सोडवला नाही. ते उर्दूतच विचार करत आणि समोर कोण बसलंय ते बघत.

मग एका सकाळी मी सातला व्हरांड्यात आलो, तर लिंबाजी उभा होता. केस बरेच पांढरे झाले होते. फेरविचारात त्याची नेमणूक पुन्हा हैदराबादेत झाली होती, आदल्याच दिवशी तो परतला होता. मी ताराबद्दल विचारलं.

“गेलो तवा तिसरीत व्हती, आता सातवीत हाय,” तो म्हणाला. “अक्षर बदललंय तिचं. कधी बदललं, ते मी पाहिलं नाही. पत्रं तिची आई लिहीत व्हती.”

ही चार वर्षं मी त्याच्याकडून काढून घेतली होती. मी तसं म्हणालो. चुकलो, असंही म्हणालो, मराठीत, सरळ, एकही पायरी न चढता. त्याने ऐकून घेतलं. “जाऊ द्या सर” वगैरे काही म्हणाला नाही, आणि म्हणाला नाही ते बरं झालं.

मग त्याने पिशवीतून जुनी वही काढली. तिच्यात शेवटच्या अर्जाची नक्कल होती. ती माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, “इस्लाह द्या, सर.” आवाजात थट्टा होती का, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी चारही वाक्यं वाचली. पहिल्या बाकाचं वाक्य जागेवर होतं. सवयीने हातात आलेलं लाल पेन मी टोपण लावून खिशात ठेवलं. वर पाहिलं, तर तो नेहमीच्या जागी, टेबलाच्या त्या कडेला उभा होता. कितीतरी सकाळी तिथे उभं राहून त्याने मला वही दाखवली होती, आणि शेजारी खुर्ची रिकामी असे.

मी उठून ती खुर्ची त्याच्याकडे ओढली.

“यात काही करायचं नाही,” मी म्हणालो. “बसा.”

लिंबाजी जोंधळे बसले.